उसाची गाडी, उतार आणि आपण

(विज्ञान-पाठ : गती, बल आणि ऊर्जा. इयत्ता ५ वी ते ७ वी साठी. लहान वर्गांतल्या मुलांनी ताई-दादाकडून वाचून घ्यावा.)



दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम सुरू होतो. मग उन्हाळा लागेपर्यंत आपल्या रस्त्यावरून रात्रंदिवस उसाच्या गाड्या चालतात. बैलगाड्या असतात, ट्रॅक्टर असतात, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. शाळा सुटायला आणि गाड्या यायला एकच गाठ पडते. मग काय! कोणी पळत जाऊन मागे लोंबकळतो, कोणी ऊस उपसतो, कोणी चालत्या गाडीतून उडी मारून दाखवतो.

"गाडीला लोंबकळू नका रे," असे आई सांगते, गुरुजी सांगतात, बाई सांगतात, गाडीवान तर ओरडूनच सांगतो. पण का लोंबकळू नये, हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. आज आपण ते नीट समजून घेऊ या. त्यासाठी गती, बल आणि ऊर्जा हे तीन शब्द पुरेत. तिन्ही शब्द पुस्तकात आहेत, पण ते खरे राहतात रस्त्यावर, विहिरीवर आणि शेतात.

१. गती म्हणजे काय?

एखाद्या वस्तूची जागा वेळेबरोबर बदलत असेल, तर ती वस्तू गतीत आहे असे म्हणतात. जागा बदलत नसेल तर ती स्थिर आहे. सोपे आहे ना? पण थांबा. एस.टी.त तुम्ही बाकावर बसला आहात. शेजारची आजी तुम्हाला स्थिर दिसते. रस्त्याकडेच्या माणसाला मात्र आजी आणि तुम्ही दोघेही पळताना दिसता. म्हणजे कोण स्थिर आणि कोण गतीत, हे कशाच्या संदर्भात पाहतो त्यावर ठरते. गाडीला लोंबकळलेल्या मुलाला वाटते, "मी तर नुसता धरून उभा आहे." पण खालच्या डांबराच्या संदर्भात तो गाडीइतकाच जोरात धावत असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

किती जोरात धावतो ते मोजायचे तर असे मोजतात :

चाल = कापलेले अंतर ÷ लागलेला वेळ

रस्त्यावर आपण तासाला किती किलोमीटर असे बोलतो. पण अपघात तासात होत नाही, सेकंदात होतो. म्हणून सेकंदाला किती मीटर, हे कळले पाहिजे. ३६ किलोमीटर म्हणजे ३६,००० मीटर. एक तास म्हणजे ३,६०० सेकंद. भागाकार करा. उत्तर येते १०. म्हणजे ताशी ३६ किलोमीटर आणि सेकंदाला १० मीटर या दोन्ही एकच गोष्टी.

आता हा तक्ता वहीत उतरवून घ्या :

रमतगमत चालणारा माणूस : ताशी ३.६ किलोमीटर, सेकंदाला १ मीटर.
भरलेला ट्रॅक्टर, सावकाश जाताना : ताशी १८ किलोमीटर, सेकंदाला ५ मीटर.
तोच ट्रॅक्टर उतारावर किंवा रिकामा जाताना : ताशी ३६ किलोमीटर, सेकंदाला १० मीटर.
मोकळ्या रस्त्यावरची एस.टी. : ताशी ५४ किलोमीटर, सेकंदाला १५ मीटर.

करून पहा : शाळेच्या मैदानात दोरीने ५० मीटर मोजा. दोन्ही टोकांना चुन्याने रेघ मारा. एकाने धावायचे, दुसऱ्याने घड्याळ पाहायचे. ५० मीटरला १० सेकंद लागले तर तुमची चाल सेकंदाला ५ मीटर, म्हणजे सावकाश जाणाऱ्या ट्रॅक्टरइतकी! म्हणूनच तर पळत जाऊन ट्रॉली धरता येते. पण धरणे सोपे आणि सोडणे अवघड. का, ते पुढे पाहू. (हा प्रयोग मैदानातच करायचा. रस्त्यावर अजिबात नाही.)

२. वस्तूंचा आडमुठेपणा : जडत्व

पाण्याच्या पेल्यावर पोस्टकार्ड ठेवा. कार्डावर एक रुपयाचे नाणे ठेवा. आता कार्डाला बोटाने जोरात टिचकी मारा. कार्ड उडून जाते आणि नाणे टुपकन पेल्यात पडते. नाणे कार्डाबरोबर का गेले नाही? कारण ते स्थिर होते, आणि स्थिरच राहू पाहत होते.

घोंगडी झटकली की धूळ पडते. घोंगडी हलते, धूळ जागेवर राहू पाहते, आणि सुटी होऊन खाली येते. चिंचेची फांदी गदगदा हलवली की चिंचा पडतात, त्यातही हेच कारण आहे.

उलटेही खरे आहे. चालणारी वस्तू चालतच राहू पाहते. एस.टी.ने एकदम ब्रेक लावला की उभे असलेले सगळे पुढे जातात. कोणी ढकलले? कोणीच नाही. गाडी थांबली, पण माणसांचा वेग तसाच राहिला. वस्तूच्या या गुणाला जडत्व म्हणतात.

पूर्वीच्या काळी लोकांना वाटे, की कोणी ढकलत राहिले तरच वस्तू चालते, ढकलणे थांबले की वस्तू आपोआप थांबते. रोजचा अनुभव तसाच दिसतो. बैल थांबले की गाडी थांबते. इटलीतील गॅलिलिओ (१५६४ ते १६४२) या शास्त्रज्ञाने विचार केला, की गाडी आपोआप थांबत नाही, तिला काहीतरी थांबवते. ते काहीतरी म्हणजे घर्षण. घर्षण जितके कमी करू, तितकी वस्तू लांब जाईल. हीच गोष्ट पुढे इंग्लंडमधील आयझॅक न्यूटन याने १६८७ साली छापलेल्या ग्रंथात गतीचा पहिला नियम म्हणून मांडली. बाहेरून बल लावले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते, आणि चालणारी वस्तू सरळ रेषेत, त्याच वेगाने चालत राहते.

आता चालत्या ट्रॉलीतून उडी मारणाऱ्या मुलाचे काय होते ते पहा. त्याचे सगळे अंग सेकंदाला ५ मीटर पुढे जात असते. पाय जमिनीला टेकतात आणि जमीन पायांना धरून ठेवते. पाय थांबले, पण डोके, छाती, पोट यांना कोणी थांबवले? कोणीच नाही. ते तसेच पुढे जातात. मग मूल तोंडघशी पडते. दात पडतात, हनुवटी फुटते, हात मोडतो. यात त्या मुलाची हुशारी कमी पडली असे नाही. जडत्वापुढे कोणाचीच हुशारी चालत नाही.

३. बल : ढकलणे आणि ओढणे

स्थिर वस्तू हलवायला, चालणारी थांबवायला, तिची दिशा बदलायला किंवा तिचा आकार बदलायला जे लागते, ते बल. बैल जू ओढतात ते बल. कुंभार माती दाबतो ते बल. पृथ्वी आंब्याला खाली ओढते तेही बलच.

बल न्यूटनमध्ये मोजतात. १०० ग्रॅमचे वजन तळहातावर ठेवा. हाताला जो भार जाणवतो तो जवळजवळ १ न्यूटन. १ किलोचा भार जवळजवळ १० न्यूटन. (नेमका ९.८, पण आपण हिशेबाला १० धरू.)

न्यूटनचा दुसरा नियम सांगतो :

बल = वस्तुमान × त्वरण

त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. रिकामी गाडी बैल झटकन पळवतात. भरलेली गाडी हलवायला त्यांना जीव काढावा लागतो. बल तेच, वस्तुमान वाढले, म्हणून त्वरण कमी. आणि बरे का, थांबवतानाही हाच नियम. जी गाडी हलायला जड, ती थांबायलाही जड. गाडीवानाने तुम्हाला पाहून लगेच कासरा ओढला, ट्रॅक्टरवाल्याने लगेच ब्रेकवर पाय दिला, तरी भरलेली गाडी जागच्या जागी थांबू शकत नाही. "तो थांबवील की!" असे समजून गाडीपुढून पळणारे हीच गोष्ट विसरतात.

तिसरा नियम असा : तुम्ही एखाद्या वस्तूवर बल लावले, की ती वस्तूही तुमच्यावर तेवढेच बल उलट दिशेने लावते. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरते. भिंतीवर बुक्की मारली की हात दुखतो.

इथे एखादा हुशार मुलगा विचारील, "बैल गाडीला जेवढे पुढे ओढतात, तेवढेच गाडी बैलांना मागे ओढते. मग दोन्ही बले एकमेकांना खाऊन टाकत नाहीत का? गाडी चालते कशी?"

प्रश्न फार चांगला आहे. उत्तर असे. ती दोन बले एकाच वस्तूवर नसतात. एक गाडीवर असते, दुसरे बैलांवर असते. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात, आणि जमीन बैलांना पुढे रेटते. जमिनीचा हा रेटा गाडीच्या मागे ओढण्यापेक्षा जास्त झाला की बैल पुढे जातात. आणि बैलांचे गाडीवरचे बल चाकांच्या घर्षणापेक्षा जास्त झाले की गाडीही त्यांच्यामागे निघते. चिखलात खूर घसरले की बैल कितीही ताकदवान असोत, गाडी रुतूनच राहते, कारण रेटायला जमीनच मिळत नाही.

आता ऊस उपसण्याचे पहा. ऊस मोळीत घट्ट बांधलेला असतो. तुम्ही तो ओढता, तेवढाच तोही तुम्हाला ओढतो. तुमचे वस्तुमान ३० किलो, ट्रॉलीचे काही हजार किलो. कोण कोणाच्या मागे जाणार? ऊस सुटला तर तुम्ही उलटे पडता. नाही सुटला तर गाडीबरोबर फरफटता. आणि पडल्यावर मागचे चाक किती लांब असते? समजा २ मीटर. सेकंदाला ५ मीटर या चालीने ते चाक ०.४ सेकंदात तिथे पोचते. एक टाळी वाजवा आणि लगेच दुसरी वाजवा. जेमतेम एवढाच वेळ!

४. घर्षण : शत्रू आणि मित्र

दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना जो अडथळा होतो ते घर्षण. गाडीवान आसाला वंगण घालतो, विहिरीच्या रहाटाला तेल सोडतो, शिवणाच्या मशीनला तेल देतो, ते घर्षण कमी करण्यासाठी. लोखंडी धावेच्या गाडीपेक्षा टायरची गाडी ओढायला हलकी जाते, तेही याच कारणाने. धाव खडी आणि चढउतार यांवर आदळत जाते, वाळूत आणि मातीत रुतते. टायर दबून पुन्हा वर येतो आणि पुढे सरकतो.

पण घर्षण नसते तर आपल्याला चालताही आले नसते. पायाने जमीन मागे रेटता आली नसती. पाटीवर पेन्सिल उमटली नसती. दोरीची गाठ बसली नसती. ब्रेक लागलाच नसता, कारण ब्रेक म्हणजे मुद्दाम वाढवलेले घर्षण.

पावसात किंवा दवाने ओल्या झालेल्या रस्त्यावर घर्षण कमी होते. उसाचे पाचट आणि चिपाडे रस्त्यावर पडून दबली, वर ओल आली, तर रस्ता आणखी निसरडा होतो. अशा जागी सायकलवरून जाताना ब्रेक एकदम दाबू नये, सायकल हळू करावी, शक्यतो उतरून चालावे.

५. उताराची गंमत आणि उताराचा धोका

पृथ्वी प्रत्येक वस्तूला आपल्याकडे ओढते. याला गुरुत्वाकर्षण म्हणतात. सपाट रस्त्यावर हे बल गाडीला फक्त खाली दाबते, पुढे-मागे ढकलत नाही. उतारावर मात्र त्यातला काही भाग गाडीला उताराच्या दिशेने ओढू लागतो.

किती? हिशेब करू. समजा, रस्ता २० मीटर गेल्यावर १ मीटर चढतो. गाडी आणि ऊस मिळून २,००० किलो भरतात. २,००० ला २० ने भागा. उत्तर १००. म्हणजे चढताना, नेहमीच्या घर्षणाशिवाय, बैलांना १०० किलो उचलण्याइतके बल जास्त लावावे लागते. उतरताना हेच १०० किलोचे बल मागून बैलांच्या मानेवर येते. म्हणून समजूतदार गाडीवान चढाला गाडीतून खाली उतरतो, मध्ये थांबला तर चाकाला दगड लावतो, आणि उताराला बैलांना आवरत, ब्रेक धरून गाडी सोडतो. आपण तीन-चार जण मागे लोंबकळलो तर १०० किलोचा भार सहज वाढतो. तो भार ओढतात बैल. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने विज्ञानाने बोलायचे.

आपल्या वर्गात ऊसतोडणीसाठी बाहेरगावाहून आलेली काही मुले बसतात. त्यांना बैल, जू आणि उतार यांची माहिती आपल्या सर्वांपेक्षा जास्त आहे. चढाला गाडी कशी घेतात, ते त्यांना विचारा. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

उतारावर वेग कसा वाढतो, हे गॅलिलिओने लाकडी पन्हळीतून गोळे घरंगळवून पाहिले. त्या काळी सेकंद दाखवणारे चांगले घड्याळ नव्हते. त्याने भांड्यातून बारीक धारेने पाणी सोडले, आणि गोळा खाली येईपर्यंत जमलेले पाणी तोलून वेळ मोजला! त्याला दिसले, की एका वेळेत गोळा १ भाग अंतर जातो, तर दुप्पट वेळेत ४ भाग, तिप्पट वेळेत ९ भाग, चौपट वेळेत १६ भाग. म्हणजे उतारावर वस्तू नुसती पळत नाही, तर क्षणाक्षणाला जास्तच पळते.

करून पहा : लांब वेळू उभा चिरून त्याची पन्हळ करा. एक टोक दोन पुस्तकांवर ठेवा. काचेची मोठी गोटी आणि लहान गोटी एकामागून एक सोडा, आणि खाली यायला लागणारा वेळ मोजा. वेळ जवळजवळ सारखाच लागतो. जड वस्तू अधिक झपाट्याने येते हा आपला गैरसमज आहे. १९७१ साली 'अपोलो १५' च्या अंतराळवीराने, डेव्हिड स्कॉटने, चंद्रावर एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून पक्ष्याचे पीस एकदम सोडले. तिथे हवा नाही. दोन्ही एकाच वेळी खाली पोचले.

तर मग भरलेली गाडी उतारावर जास्त धोक्याची का? ती जास्त झपाट्याने सुटते म्हणून नव्हे, तर तिला आवरायला जास्त बल लागते म्हणून.

मुंबईहून पुण्याला येणारी रेल्वे बोरघाट चढते. तिथे काही ठिकाणी ३७ मीटर लांबीला १ मीटर इतका चढ आहे. आपल्याला तो किरकोळ वाटेल, पण १,००० टनांच्या गाडीला तो २७ टनांच्या भाराने मागे ओढतो. म्हणून कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. आणि उतारावर एखादी गाडी आवरेनाशी झालीच, तर तिला वळवण्यासाठी घाटात बाजूला चढाचे रूळ टाकलेले आहेत. गाडी त्या चढावर शिरते, चढता चढता तिचा वेग संपतो आणि ती थांबते. वेग कुठे गेला? हे कळण्यासाठी आता ऊर्जेकडे वळू.

६. ऊर्जा : काम करण्याची ऐपत

बल लावून वस्तू सरकवली की कार्य झाले.

कार्य = बल × अंतर

समजा विहीर १० मीटर खोल आहे. त्यातून १० किलोची भरलेली घागर ओढायची आहे. बल १०० न्यूटन, अंतर १० मीटर. कार्य झाले १,००० ज्यूल. आपली आई, आजी रोज अशा किती घागरी ओढत असत, त्याचा हिशेब घरी विचारून करा. मग त्यांचे खांदे का दुखतात ते कळेल.

काम करण्याची ऐपत म्हणजे ऊर्जा. वर चढवलेल्या वस्तूत जी साठते ती स्थितिज ऊर्जा. चालणाऱ्या वस्तूत जी असते ती गतिज ऊर्जा. झोका पहा. वर टोकाला क्षणभर थांबतो, तेव्हा सगळी ऊर्जा स्थितिज. खाली मधोमध येतो, तेव्हा सर्वांत वेगवान, ऊर्जा गतिज. पुन्हा वर जातो, पुन्हा स्थितिज. बोरघाटातल्या चढाच्या रुळांवर गाडीची गतिज ऊर्जाच स्थितिज होते आणि घर्षणात खर्च होते.

आपल्या कोयनेच्या धरणातही हेच होते. शिवाजीसागराचे पाणी डोंगराच्या माथ्याकडे साठले आहे. ते बोगद्यातून खाली कोकणाच्या बाजूला सोडतात. उंचीची ऊर्जा वेगाची होते, पाणी चक्राची पाती फिरवते, आणि वीज होते. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

ऊर्जा नाहीशी होत नाही, फक्त रूप बदलते. घर्षणात गेलेली ऊर्जा उष्णता होते. तळहात एकमेकांवर चोळून गालाला लावा. घाट उतरलेल्या गाडीच्या ब्रेकचा जळका वास येतो तो त्याचाच. इंग्लंडमधील जेम्स ज्यूल याने १८४० नंतरच्या काही वर्षांत, खाली येणाऱ्या वजनांनी पाणी घुसळून, ते किती तापते हे मोजून दाखवले. म्हणूनच ऊर्जेच्या मापाला त्याचे नाव दिले आहे.

आता पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

गतिज ऊर्जा = अर्धे × वस्तुमान × वेग × वेग

वेग दोनदा आला आहे, पाहिलेत का? वेग दुप्पट झाला तर ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. वेग तिप्पट, तर ऊर्जा नऊपट!

हॉलंडमधील ग्राव्हेसांडे या प्राध्यापकाने १७२० च्या सुमारास पितळी गोळे मऊ मातीवर टाकून हे पाहिले. दुप्पट वेगाने आदळलेला गोळा चौपट खोल रुतला. फ्रान्समधील एमिली द्यु शातले या विदुषीने या प्रयोगाचे महत्त्व ओळखले आणि तो आपल्या ग्रंथात समजावून दिला. न्यूटनच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतरही तिनेच केले. तिच्या काळी मुलींना मोठ्या विद्यालयात प्रवेश नव्हता. मुलींनो, हे नाव लक्षात ठेवा.

हिशेब करू. ट्रॉली आणि ऊस मिळून १०,००० किलो. चाल सेकंदाला ५ मीटर. अर्धे × १०,००० × ५ × ५ = १,२५,००० ज्यूल. म्हणजे आपल्या विहिरीच्या १२५ घागरी! तीच ट्रॉली उतारावर सेकंदाला १० मीटर झाली, की ५,००,००० ज्यूल, म्हणजे ५०० घागरी. ही ऊर्जा ब्रेकने हळूहळू खर्चावी लागते. मध्ये कोणी आला, तर त्यातली थोडीशीसुद्धा त्याच्या हाडांना झेपत नाही.

आणि गाडीवरून पडणाऱ्याचे काय? त्याचा वेग किती उंचीवरून पडल्यासारखा आहे, ते काढता येते. वेगाचा वर्ग करा आणि २० ने भागा :

सेकंदाला ५ मीटर : २५ ÷ २० = सव्वा मीटर. म्हणजे टेबलाहून उंच जागेवरून पडणे.
सेकंदाला १० मीटर : १०० ÷ २० = ५ मीटर. म्हणजे शाळेच्या कौलांवरून पडणे.
सेकंदाला १५ मीटर : २२५ ÷ २० = सव्वाअकरा मीटर. म्हणजे उंच नारळाच्या शेंड्यावरून पडणे.

ट्रॉलीवरून सुटून जो किलोमीटरच्या दगडावर आदळतो, त्याला मार बसतो तो एवढा. शाळेच्या कौलांवरून उडी मारायला सांगितले तर आपल्यातला एकही जण मारणार नाही. कारण ती उंची डोळ्यांना दिसते. वेग मात्र उंचीसारखा दिसत नाही. म्हणून तो शिकून ओळखावा लागतो.

थांबायला लागणारे अंतरही असेच वाढते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकची गाडी सेकंदाला १० मीटर चालीवरून सुमारे १० मीटरांत थांबते. सेकंदाला २० मीटर असेल तर ४० मीटर लागतात. त्याआधी चालकाने पाहून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी आणखी १० किंवा २० मीटर पुढे गेलेली असते. एकूण झाले २० आणि ६० मीटर. भरलेल्या ट्रॉलीला, उतारावर, ओल्या रस्त्यावर याहून पुष्कळ जास्त अंतर लागते.

७. मग आपण काय करायचे?

चालत्या गाडीला धरायचे नाही, कारण धरल्याक्षणी तिचा वेग आपला होतो.
चालत्या गाडीतून उतरायचे नाही, कारण पाय थांबतात, अंग थांबत नाही.
गाडीतला ऊस उपसायचा नाही. हवा असेल तर गाडी उभी असताना गाडीवानाला "दादा, एक कांडे द्या ना," असे म्हणावे. बहुतेक जण हसून देतात.
दोन ट्रॉल्यांच्या मधून कधीही पलीकडे जायचे नाही. ट्रॅक्टर निघाला की मागच्या ट्रॉलीच्या दांडीतला ढिलेपणा एकदम ताणला जातो आणि तिला हिसका बसतो.
रस्ता ओलांडताना उताराच्या पायथ्याशी ओलांडू नये. दोन्हीकडे लांबवर दिसेल अशा जागी थांबून, पाहून, मग चालत ओलांडावे.
लहान भावंडाचा हात आपण धरावा. त्याला आपला हात धरायला सांगू नये, कारण ते मध्येच सोडते.

स्वाध्याय

१) ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर?
२) धावणारा खेळाडू रेघ ओलांडल्यावर लगेच का थांबू शकत नाही?
३) १२ किलोची घागर ८ मीटर खोल विहिरीतून काढली. किती ज्यूल कार्य झाले?
४) चढाला गाडीवान गाडीतून खाली उतरतो. त्याचे वजन ६० किलो आणि चढ २० मीटरला १ मीटर असेल, तर बैलांचे किती किलोचे ओढणे वाचते?
५) ओल्या मातीत गोटी २५ सेंटीमीटरवरून टाका, मग १ मीटरवरून टाका. दोन खड्डे मोजून चित्र काढा. वेग किती पट झाला आणि ऊर्जा किती पट?
६) आपल्या गावच्या रस्त्यावर सर्वांत धोक्याची जागा कोणती? तिथे चढ, वळण, ओल यांपैकी काय आहे? नकाशा काढून गुरुजींना किंवा बाईंना द्या. चांगला नकाशा याच फलकावर लावला जाईल, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या मोठ्या माणसांनाही तो दिसेल.

उत्तरे पुढच्या अंकात. तोवर संध्याकाळी घरी जाताना एक काम करा. रस्त्याकडेला, चांगले चार पावले लांब उभे राहा, आणि जाणाऱ्या उसाच्या गाडीकडे नीट पहा. तिच्यात किती घागरींची ऊर्जा चालली आहे, याचा मनात हिशेब करा. ती गेली की मग निघा.